अंगठा आणि करंगळी

गणपती उठले की पुण्याच्या पेठांमधल्या डीटीपीच्या खोल्यांत मध्यरात्रीपर्यंत दिवे दिसू लागतात. पितृपक्षात लग्नपत्रिका नसतात, त्यामुळे सगळे हात दिवाळी अंकांना लागतात. आमच्या संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘चुरस’ ठरवला आणि प्रत्येकाला आपापली चुरस निवडायला सांगितली. मी मॅक आणि विंडोज निवडलं. संपादक म्हणाले, “ती अमेरिकेतली भांडणं. आपल्या वाचकाला काय त्याचं?” मी म्हटलं, “तुमच्या अंकाची आतली पानं विंडोजवर लागतात आणि मुखपृष्ठ मॅकवर होतं. दोन्हीकडे जाऊन येते, मग सांगते.”

आधी नारायण पेठेत गेले. वाड्याचा लाकडी जिना, वर दहा बाय बाराची खोली, भिंतीला टेकून बांधून ठेवलेले जुन्या अंकांचे गठ्ठे. दोन टेबलं. एकावर नवं मशीन आणि रुंद पडदा. दुसऱ्यावर पिवळा पडलेला डबा. त्यात विंडोज एक्सपी आणि पेजमेकर ७. डब्याच्या मागे अंगठ्याएवढं डोंगल लावलेलं. ते नसेल तर लिपीचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. डोंगलवर चिकटपट्टी आणि पट्टीवर निळ्या शाईत दोन शब्द: ‘काढू नये’.

खोलीच्या मालक आणि एकमेव ऑपरेटर असलेल्या ताई तीस वर्षं हे काम करताहेत. मराठी टायपिंगची तीसची आणि चाळीसची परीक्षा त्यांनी खडखडणाऱ्या टाइपरायटरवर दिली. तोच कीबोर्ड अजून त्यांच्या बोटांत आहे. मी त्यांना एक परिच्छेद एका पानावरून दुसऱ्या पानावर हलवायला सांगितला आणि फक्त हातांकडे बघत राहिले. डावी करंगळी खाली कोपऱ्यातल्या कंट्रोलवर गेली, तर्जनी आत वळून एक्सवर आली, पुढच्या पानावर व्हीवर. एका सेकंदाचं काम. असं दिवसातून किती वेळा होतं, हे त्यांनी कधी मोजलेलं नाही. त्यांनी करंगळी माझ्यासमोर धरली. ती वरच्या पेरापाशी जराशी बाहेर वळली आहे.

“ही विंडोजची देणगी,” त्या म्हणाल्या. “मॅकवाल्यांचं बरं असतं. त्यांचं काम अंगठ्यावर.”

खरंच आहे ते. मॅकच्या कीबोर्डवर कमांडची कळ स्पेसबारला चिकटून आहे. कॉपी, पेस्ट, सेव्ह हे सगळं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत होतं. तेच विंडोजवर करंगळीला करावं लागतं. दोन कंपन्यांची चाळीस वर्षांची चुरस माणसाच्या हातावर कुठे उमटली असेल तर इथे.

कात्री आणि खळ

कट, कॉपी, पेस्ट हे शब्द आले छापण्याच्याच धंद्यातून. ताईंच्या आधीच्या पिढीत गॅलीचे कागद कात्रीनं कापून, रबर सोल्युशननं पानावर चिकटवून पानं लावत. अमेरिकेतही तसंच होतं. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावी झेरॉक्स कंपनीनं १९७० साली संशोधन केंद्र काढलं, ते पार्क या नावानं ओळखलं जातं. १९७३ साली तिथे आल्टो नावाचा संगणक तयार झाला. उभ्या कागदाच्या आकाराचा पडदा, त्यावर ठिपक्याठिपक्यानं काढलेली अक्षरं आणि चित्रं, आणि हातात माउस. माउस मूळचा डग्लस एंगलबार्ट यांचा. दोन चाकं बसवलेला तो उंदीर त्यांनी ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत चालवून दाखवला होता.

झेरॉक्सच्या मालकीची गिन अँड कंपनी ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था होती. तिथल्या संपादकांसाठी मजकूर लिहिण्या-दुरुस्त करण्याचं साधन बनवायचं काम पार्कमधल्या लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्याकडे आलं. त्यांनी आधी संपादक काम कसं करतात ते पाहिलं. शब्दावर खूण करायची, तो कापायचा, दुसरीकडे चिकटवायचा. जिप्सी हा त्यांचा प्रोग्राम त्यातून झाला. टेस्लर यांचा एका गोष्टीवर कटाक्ष होता. त्या काळच्या प्रोग्रामांत ‘आता लिहिण्याची अवस्था’, ‘आता दुरुस्तीची अवस्था’ असे कप्पे असत. चुकीच्या कप्प्यात असताना साधा शब्द टाइप केला तरी तो हुकूम समजला जाई आणि मजकूर उडून जाई. हे कप्पेच नकोत, कळ दाबली की अक्षर उमटलं पाहिजे, असा टेस्लर यांचा आग्रह होता. आज आपण डोळे झाकून टाइप करतो ते त्या आग्रहामुळे. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस. त्यानं यंत्राला संपादकाच्या टेबलाशी आणून बसवलं.

डिसेंबर १९७९मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे सहकारी पार्कमध्ये आले. बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे एक लाख शेअर प्रत्येकी १० डॉलरनं घ्यायला मिळाले. पार्कमधल्या संशोधक ॲडेल गोल्डबर्ग यांचा हे काम बाहेरच्यांना दाखवायला सक्त विरोध होता. वरून आदेश आल्यावर त्यांना दाखवावं लागलं. टेस्लर पुढच्या वर्षी ॲपलमध्ये गेले. झेरॉक्सनं स्वतःचा स्टार संगणक १९८१ला बाजारात आणला, पण त्याची किंमत १६ हजार डॉलरच्या वर होती. छोट्या छापखान्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

एकावर एक खिडक्या

ॲपलच्या चमूत बिल ॲटकिन्सन होते. पार्कच्या भेटीत त्यांनी पडद्यावर एकमेकींवर चढलेल्या खिडक्या पाहिल्या. वरची खिडकी सरकवली की खालच्या खिडकीचा झाकलेला भाग आपोआप पुन्हा उमटतो, असं त्यांना वाटलं. तसं तिथे होत नव्हतं. पण ते झालेलं आपण पाहिलं आहे, म्हणजे ते शक्य आहे, या समजुतीवर त्यांनी महिने घालवले आणि खरोखर तसं चालणारी रीत शोधून काढली. तुकड्यातुकड्यांच्या वेड्यावाकड्या आकारांचा हिशेब ठेवून फक्त उघडा पडलेला भाग रंगवायचा, ही ती रीत. लिसा आणि मॅकिंटॉश हे ॲपलचे संगणक त्यावर उभे राहिले. लिसा १९८३ला आला तो ९,९९५ डॉलरला, आणि पडला. मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ला २,४९५ डॉलरला आला. नऊ इंची काळापांढरा पडदा, ५१२ बाय ३४२ ठिपके, १२८ केबी स्मृती.

एवढ्याशा ठिपक्यांत माणसाला आपलं वाटेल असं काहीतरी काढायचं काम सुझन केअर यांच्याकडे होतं. त्यांनी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून चिन्हं काढली. हसणारा छोटा संगणक, केराची टोपली, कमांडच्या कळेवरचं चार कानांचं चिन्ह. ते चिन्ह स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असतं. त्याच केअर यांनी पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० साठीही चिन्हं काढली, आणि सॉलिटेअरच्या पत्त्यांचा जोडही त्यांचाच. म्हणजे दोन्ही सैन्यांची निशाणं एकाच हातानं काढली. सरकारी कचेऱ्यांत दुपारच्या वेळी ज्या पत्त्यांवर आपल्याकडची एक पिढी माउस धरायला शिकली, ते पत्ते मॅकच्या चित्रकर्तीचे आहेत हे मला हा लेख लिहायला बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.

मायक्रोसॉफ्टचा पाया वेगळा. आयबीएमनं ऑगस्ट १९८१मध्ये आपला पीसी काढला तो बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून. त्यात मायक्रोसॉफ्टची डॉस होती आणि ती इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टनं स्वतःकडे ठेवला होता. कॉम्पॅकनं आयबीएमच्या पीसीची हुबेहूब नक्कल काढली, मग दुसऱ्यांनी काढली, आणि बघता बघता कुणीही सुटे भाग आणून पीसी जोडू लागलं. मॅकचं कवच मात्र ॲपलच्या हाती राहिलं. यंत्रही त्यांचं, आतली प्रणालीही त्यांची.

पहिलं विंडोज २० नोव्हेंबर १९८५ला आलं. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नव्हत्या, फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसत. त्याच महिन्यात ॲपलचे जॉन स्कली आणि बिल गेट्स यांच्यात करार झाला. मॅकला मायक्रोसॉफ्टचे वर्ड आणि एक्सेल हवे होते, मायक्रोसॉफ्टला मॅकसारखा चेहरा वापरायची मुभा हवी होती. ती मिळाली. विंडोज २.० मध्ये खिडक्या एकमेकींवर चढल्या तेव्हा ॲपल चिडलं आणि मार्च १९८८मध्ये कोर्टात गेलं. आमच्या चेहऱ्यातल्या १८९ गोष्टी उचलल्या, असा दावा होता. त्यातल्या १७९ गोष्टी १९८५च्या करारातच देऊन टाकल्या आहेत, असं न्यायाधीशांनी सांगितलं. उरलेल्यांतल्या बहुतेक गोष्टी कुणा एकाच्या मालकीच्या होऊच शकत नाहीत, असं पुढे ठरलं. १९९५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ॲपलचं म्हणणं ऐकायला नकार दिला आणि खटला संपला. मधल्या काळात झेरॉक्सनंही ॲपलवर दावा लावून पाहिला होता, तोही टिकला नाही.

कोर्टानं बरं केलं असं मला वाटतं. खिडकी, टोपली, कागदाची घडी या गोष्टी एका कंपनीच्या झाल्या असत्या तर प्रत्येक यंत्रावर माणसाला पहिल्यापासून शिकावं लागलं असतं.

वरची पट्टी, खालचं बटण

नारायण पेठेतून मी मुंबईत परळला गेले. जुन्या गिरणीच्या आवारात, तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दारामागे आमचं मुखपृष्ठ करणारा मुलगा बसतो. वय अठ्ठावीस. त्याच्यासमोर मोठा मॅक. तो पहिल्यापासून त्यावरच शिकला. ताईंच्या पेजमेकरची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं नाव ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

मी त्याला एक काम सांगितलं: मेनूतून काहीतरी निवड. त्यानं माउस वर भिरकावला. बाण पडद्याच्या कडेला जाऊन थांबला, तिथेच मेनू होता. मॅकमध्ये मेनूची पट्टी नेहमी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असते, कोणतीही खिडकी उघडी असो. विंडोजमध्ये ती ज्याच्या त्याच्या खिडकीला असते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली हाताच्या हालचालींवर एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात तिथे पोचायला वेळ लागतो. पडद्याची कड मात्र भिंतीसारखी. बाण तिच्या पलीकडे जातच नाही, त्यामुळे हात आवरावा लागत नाही. खिडकीच्या मधल्या पट्टीवर मात्र नेम धरावा लागतो.

“दोन पडदे लावले की मात्र वैताग येतो,” तो म्हणाला. “पट्टी एकीकडे आणि काम दुसरीकडे.” मग त्यानं सेटिंग बदलून पट्टी दोन्ही पडद्यांवर आणून दाखवली.

विंडोज ९५ करताना मायक्रोसॉफ्टनं नवख्या लोकांना बसवून चाचण्या घेतल्या. दोनदा क्लिक करणं अनेकांना जमत नव्हतं. एक खिडकी दुसरीखाली गेली की ती नाहीशी झाली असं त्यांना वाटे. म्हणून पडद्याच्या तळाला कायम दिसणारी पट्टी आली आणि तिच्या डाव्या टोकाला ‘स्टार्ट’ असं स्वच्छ लिहिलेलं बटण. २४ ऑगस्ट १९९५ला ते जगभर गाजावाजा करून विकायला आलं. या बटणातही एक बारीक खोट राहिली होती. ते कोपऱ्याला अगदी टेकलेलं नव्हतं, मध्ये दोन-तीन ठिपक्यांची फट होती. माउस थेट कोपऱ्यात भिरकावला तर क्लिक फटीत पडे आणि काहीच उघडत नसे. नियम ठाऊक असूनही दोन ठिपक्यांनी चुकायचं असं कितीदा होतं. ती फट पुढच्या आवृत्त्यांत बुजली.

आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो लोक संगणक शिकले ते या स्टार्ट बटणापासून. गावोगावच्या केंद्रांत, एका मशीनवर दोघी-तिघी बसून. कित्येक सरकारी नोकऱ्यांसाठी ते प्रमाणपत्र लागतं. संगणक म्हणजे विंडोज हे महाराष्ट्राच्या डोक्यात तिथे बसलं. माझ्या आतेबहिणीला बंद करायचं चिन्ह उजव्या कोपऱ्यातच असणार याची इतकी सवय की मुलाचा मॅक पहिल्यांदा हाती आला तेव्हा ती डावीकडच्या लाल ठिपक्याशी पोचायलाच बराच वेळ चाचपडली. आणि तो दाबल्यावर खिडकी मिटली, प्रोग्राम मात्र आत चालूच. मॅकमध्ये खिडकी आणि प्रोग्राम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये बहुतेक वेळा शेवटची खिडकी मिटली की प्रोग्रामही मिटतो. कोणतं बरोबर, यावर परळच्या मुलाशी माझा बराच वाद झाला. मला विंडोजचं पटतं. दार लावलं म्हणजे माणूस गेला, असं समजणं साहजिक आहे.

लॅमिंग्टन रोडचा हिशेब

एक प्रश्न मला पहिल्यापासून पडला होता. संगणकावर पानं लावायची ही सगळी विद्या जन्मली मॅकवर. १९८५मध्ये ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर आला, त्यात ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानं मांडण्याची भाषा होती, आणि त्याच वर्षी पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीचा पेजमेकर आला. डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्दही ब्रेनर्ड यांचाच. आल्डस हे नाव व्हेनिसच्या जुन्या मुद्रकाचं. त्या काळात मॅक तगला तो या त्रिकुटामुळे. मग महाराष्ट्रातले छापखाने विंडोजवर कसे?

ताईंचं उत्तर सोपं होतं. “मॅकच्या पैशात दोन असेंबल्ड मशीनं यायची. आणि बिघडलं तर लॅमिंग्टन रोडला जाऊन पार्ट आणायचा, संध्याकाळी काम सुरू. मॅक बिघडला तर कोणाकडे न्यायचा?” पेजमेकर १९८७पासून विंडोजवरही मिळू लागला होता. कोरलड्रॉ तर १९८९ला आला तो विंडोजवरच. आणि हे सॉफ्टवेअर कित्येक ठिकाणी विकत न घेता एकाच्या सीडीवरून दुसऱ्यानं चढवलेलं असे, हेही लपवण्यात अर्थ नाही. मुंबईतल्या जाहिरात संस्थांनी आणि रंगीत मासिकांनी मॅक घेतले, पेठांमधल्या खोल्यांनी असेंबल्ड.

पण पैशाइतकंच दुसरंही कारण होतं, आणि ते पुण्यातलं आहे. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांसाठी जे काम सुरू झालं ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. जिस्ट नावाचं कार्ड पीसीच्या पोटात बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. मग सी-डॅकचं आयएसएम आलं, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आलं. मराठीचे फाँट, कीबोर्ड, शुद्धलेखनाची साधनं हे सगळं आयबीएमच्या जातीच्या पीसीवर वाढलं. ॲपलनं नव्वदच्या दशकात भारतीय भाषांचा एक संच काढला होता, पण तो वेगळा विकत घ्यावा लागे आणि पेठांपर्यंत तो कधी पोचलाच नाही. ऑपरेटरला खिडकीचे कोपरे गोल आहेत की चौकोनी याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. रफार नीट बसतो का आणि आपल्या टाइपरायटरचा कीबोर्ड मिळतो का, एवढं तो बघत होता.

त्या कीबोर्डाची गोष्ट थोडी सांगायला हवी. ‘किती’ हा शब्द हातानं लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो. टाइपरायटरवरही आधी वेलांटी, मग क. ताईंची बोटं तशीच चालतात. सरकारनं ठरवलेल्या इन्स्क्रिप्टमध्ये उलट: आधी क, मग वेलांटी, कारण उच्चारात क आधी येतो. ‘सर्व’ लिहिताना टाइपरायटरवर रफार शेवटी, इन्स्क्रिप्टमध्ये र आणि हलन्त आधी, मग व. तीस वर्षं रफार शेवटी मारणाऱ्या बोटांना तो आधी मारायला सांगणं म्हणजे डाव्या हातानं जेवायला सांगण्यासारखं आहे. मॅक की विंडोज यापेक्षा हा बदल कितीतरी मोठा, आणि त्याची दखल कुठल्याही खटल्यात घेतलेली नाही.

दोनशे छप्पन्न घरं

आता ज्या जागी या दोघांच्या चुरशीनं मराठी मजकुराचं खरं नुकसान केलं, तिथे येते.

जुन्या फाँटमध्ये एकंदर २५६ घरं असत. पहिल्या १२८ घरांत इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं. ही घरं मॅक आणि विंडोजवर सारखी. वरच्या १२८ घरांत युरोपातल्या भाषांची टोपी-शेंडीवाली अक्षरं, आणि त्यांची मांडणी दोघांनी वेगवेगळी केली होती. फ्रेंचमधलं तिरपी रेघ डोक्यावर असलेलं ई विंडोजवर २३३ क्रमांकाच्या घरात राहतं, जुन्या मॅकवर १४२व्या. मराठीचे फाँट करणाऱ्यांनी या घरांतली इंग्रजी-फ्रेंच अक्षरं काढून तिथे अर्धा क, उभा काना, रफार, क्ष, ज्ञ असे तुकडे बसवले. संगणकाला वाटे आपण इंग्रजीच ठेवतो आहोत, माणसाला दिसे मराठी. त्याही वेळी प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी वेगळी. एका फाँटातला ‘म’ दुसऱ्यात ‘ह’.

अशी फाईल विंडोजवरून मॅकवर गेली की मॅक प्रामाणिकपणे वरच्या घरांतली अक्षरं आपल्या मांडणीप्रमाणे हलवी. साधी अक्षरं जागेवर, पण जोडाक्षरं, रफार, मात्रा अस्ताव्यस्त. आमच्या भाषेत ‘अक्षरं फुटली’. वीसेक वर्षांपूर्वी माझी एक दीर्घकथा एका अंकात अशीच फुटून छापली गेली. प्रूफ मी पेठेतल्या खोलीत बसून तपासलं होतं, निर्दोष होतं. मग रंगीत चित्रांसाठी ती पानं दुसरीकडे मॅकवर नेली गेली आणि तिथे मराठी वाचणारं कुणी नव्हतं. कथेतल्या आजीच्या तोंडचा प्रत्येक ‘र्‍हा’ आणि ‘ष्ट’ चौकोन होऊन छापला गेला. ज्यांच्यावर ती आजी बेतली होती त्या तेव्हा हयात होत्या. त्यांनी अंक वाचायला मागितला आणि मी तो दिला नाही.

पीडीएफनं हा तंटा वरवर मिटवला. फाँट फाईलच्या आतच बांधून दिला की पान कुठेही तसंच दिसतं. आमच्या अंकाचंही आता तसंच होतं. ताई आतली पानं पीडीएफ करून पाठवतात, परळचा मुलगा मुखपृष्ठ जोडतो. पण त्या पीडीएफमधला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. दिसतं मराठी, आत मराठी नाही.

यावरचा खरा तोडगा युनिकोड. त्यात देवनागरीला १९९१पासून स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’चा क्रमांक मॅकवर, विंडोजवर, फोनवर एकच. विंडोज २०००मध्ये देवनागरी प्रणालीच्या आत आली. तिचा मंगल हा फाँट केला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. एक्सपीत ती चालू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी शोधून घालावी लागे. कितीतरी कचेऱ्यांत ती सीडी नसल्यामुळे मराठी अडून राहिली. मॅकवर युनिकोडमधली देवनागरी ओएस टेन आल्यानंतर आली. छापखान्यांना मात्र याचा काही उपयोग नव्हता, कारण पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली ती २०१२च्या सीएस ६ आवृत्तीत. म्हणजे छपाईतल्या मराठीला युनिकोड जाहीर झाल्यापासून एकवीस वर्षं थांबावं लागलं. मॅक आणि विंडोजच्या चाहत्यांनी तोवर कोपऱ्यांच्या गोलाईवर किती कागद खर्च केला असेल!

युनिकोडमध्येही मराठीचे काही काटे उरलेत. ‘वाऱ्यावर’ मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन रीतींनी लिहिता येतो. ‘ॲ’ला २००८मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला, त्याआधी अ वर चंद्र देऊन तो लिहीत आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसाच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. मी परळच्या मुलाला त्याच्या मशीनवर ‘ॲपल’ शोधायला सांगितलं. ताईंकडून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरात तो शब्द चार ठिकाणी होता. त्याला एकही सापडला नाही.

पिवळा डबा

परत नारायण पेठेत आले तेव्हा पाऊस होता आणि वीज गेली होती. इन्व्हर्टरवर एकच मशीन चालतं, म्हणून ताईंनी नवं बंद करून पिवळा डबा चालू ठेवला होता. मी विचारलं, “नव्यावर काम करता ना? मग हे कशाला?”

त्यांनी कपाट उघडलं. आत सीड्यांच्या चळती, प्रत्येकीवर अंकाचं नाव आणि साल. १९९९पासूनच्या. त्याआधीच्या फ्लॉप्यांचा खोका खाली, त्यातल्या बऱ्याचशा आता उघडत नाहीत. चौदा मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे मजकूर त्या कपाटात आहेत, त्यातली सहा बंद पडली. हे सगळं जुन्या फाँटात. पिवळा डबा, पेजमेकर, ते डोंगल आणि त्या फाँटातल्या घरांची वाटणी पाठ असलेल्या ताई, एवढ्या चार गोष्टी एकत्र असतील तरच तो मजकूर वाचता येतो.

“कुणी विचारायला येतं का?” मी म्हटलं.

“लेखक येतात कधीकधी. माझी गोष्ट काढून द्या म्हणतात. संपादक नाही आले कुणी.”

त्यांनी मला एक फाईल रूपांतर करून दाखवली. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत, सोळा पानी मजकूर काही क्षणांत पलीकडे जातो. मग त्या ओळीओळीनं वाचत गेल्या. रफार एक अक्षर पुढे सरकला होता तो मागे घेतला, ‘द्ध’ फुटला होता तो जोडला, पापणीचा र तीन ठिकाणी बसवला. पाऊण तास लागला. नंतर तीच फाईल मी माझ्या फोनवर उघडली, एक शब्द शोधला आणि तो सापडला.

हा अंक हाती घेणाऱ्यांत संपादक असतील, प्रकाशक असतील, मंडळांचे आणि ग्रंथालयांचे कार्यवाह असतील. त्यांना एवढीच विनंती आहे. दिवाळी झाली की कार्तिकात डीटीपीच्या खोल्यांना थोडी उसंत असते. आपल्या जुन्या अंकांच्या सीड्या कोणाकडे आहेत ते विचारा, त्या ऑपरेटरला पानामागे रीतसर मोबदला द्या आणि मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. ताईंच्या पिवळ्या डब्याची हार्ड डिस्क गेल्या महिन्यापासून चालू होताना आवाज करते आहे.